बटण दाबूनही छत हलत नाही, तेव्हा ते कशाची वाट पाहत असते?

जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्याच्या वाट्याला जी दुखणी येतात, त्यांपैकी विजेवर उघडझाप होणाऱ्या छताचे दुखणे सर्वांत जास्त घाबरवणारे असते. इंजिन बिघडले तर गाडी निदान जागच्या जागी उभी राहते. छत अर्ध्यावर अडकले तर गाडी ना धड उघडी, ना धड बंद, आणि नेमके तेव्हाच आभाळ भरून आलेले असते. मग 'पंप गेला', 'मोटर जळली', 'मॉड्यूल बदलावे लागेल' अशी निदाने कानांवर पडू लागतात. ती सगळीच चुकीची असतात असे नाही, पण बहुतेक घाईची असतात. छत अडते ते पुष्कळदा एखादा मोठा भाग मोडल्यामुळे नव्हे, तर पुढची पायरी सुरू करण्यासाठी लागणारा होकार यंत्रणेला न मिळाल्यामुळे. तो होकार कोठून यायला हवा होता आणि का आला नाही, हे शोधल्याशिवाय कोणताही महागडा भाग विकत घेऊ नये, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

छताचे बटण दाबणे म्हणजे थेट मोटरला वीज देणे नव्हे. साध्या जुन्या गाड्यांत तसे असे. पण १९९० च्या आसपास आणि त्यानंतर आलेल्या बहुतेक गाड्यांत बटण फक्त एका छोट्या संगणकाकडे विनंती पाठवते. हा संगणक, म्हणजेच कंट्रोल मॉड्यूल, आधी चौकशी करतो. चावी योग्य स्थितीत आहे का, गाडी थांबलेली आहे का, हँडब्रेक ओढलेला आहे का, डिकी बंद आहे का, बॅटरीत पुरेसा विद्युतदाब (व्होल्टेज) आहे का, या सर्व प्रश्नांची उत्तरे पटली की दोन्ही काचा थोड्या खाली येतात, पुढच्या काचेच्या चौकटीवरचे कुलूप सुटते, छताच्या कप्प्यावरचे मागचे झाकण वर उचलले जाते, छताचा सांगाडा घडी होऊन आपल्या कप्प्यात जातो आणि झाकण पुन्हा बसते. यातील प्रत्येक पायरी पूर्ण झाली की तेथे बसवलेला एखादा मायक्रोस्विच, म्हणजे भाग टेकताच दाबला जाणारा छोटा स्विच, किंवा सेन्सर तसे कळवतो. १९८९ साली आलेल्या आर१२९ पिढीच्या मर्सिडीज-बेंझ एसएलच्या छतात पायरी पूर्ण झाल्याचे सांगणारे असे १७ स्विच (लिमिट स्विच) होते. त्यांपैकी एकाने जरी खोटे सांगितले किंवा मौन पाळले, तरी बाकी सारे ठणठणीत असूनही छत थांबते, आणि ते थांबणे रास्तच असते, कारण कुलूप सुटले आहे याची खात्री नसताना सांगाडा ओढला गेला तर तो वाकतो.

आधी बिनखर्चाच्या गोष्टी

पहिली तपासणी बॅटरीची, आणि तीही नुसती 'गाडी सुरू होते, म्हणजे बॅटरी चांगली' अशी नव्हे. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास विश्रांती घेतल्यावर मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास आकडा आला तर ती जवळजवळ निम्मी रिकामी आहे असे समजावे. पण खरी परीक्षा भार पडल्यावर होते. छताची मोटर चालताना सहज ३० अँपिअर प्रवाह ओढू शकते. वाटेत कोठेतरी गंजलेले टर्मिनल किंवा सैल अर्थिंग असेल आणि त्याचा रोध केवळ ०.१ ओहम असेल, तरी ३० गुणिले ०.१ म्हणजे ३ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात आणि मोटरपर्यंत जेमतेम ९.६ व्होल्ट पोहोचतात. एवढ्यावर मोटर कुथते, आणि दाब घसरलेला पाहून मॉड्यूल काम सोडून देते. म्हणून छत चालवून पाहताना इंजिन सुरू ठेवावे, म्हणजे इंजिनावर चालून वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरमुळे दाब १४ व्होल्टच्या जवळपास राहतो. इंजिन सुरू असताना छत चालते आणि बंद असताना अडते, असा फरक दिसला तर निम्मे निदान तेथेच झाले.

त्यानंतर सुरुवातीच्या अटी तपासाव्यात. त्यासाठी काही उघडावे लागत नाही, कारण गाडी स्वतःच बरेच सांगत असते. हँडब्रेक ओढल्यावर डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागतो का, ते पाहावे. होंडा एस२००० आणि पोर्शे बॉक्स्टरची ९८६ ही पहिली पिढी या गाड्यांत हँडब्रेक ओढल्याशिवाय छत हलत नाही. त्यामुळे हँडब्रेकच्या दांड्याखालचा स्विच सरकला असेल तर तक्रार ब्रेकची आणि शिक्षा छताला, असा प्रकार होतो. डिकी बंद असल्याचे गाडीला पटले आहे की नाही, हे जाणून घेण्यासाठी मोबाइलवर चित्रण सुरू करून तो आत ठेवावा आणि डिकी लावावी; चित्रणात आतला दिवा विझलेला दिसला नाही, तर डिकीच्या कुलपातला स्विच संशयित ठरतो. ज्या गाड्यांत धातूचे छत घडी होऊन डिकीत जाते, त्यांत सामान आणि छत यांच्यामधला पडदा किंवा फळी आपल्या खाचेत बसलेली असावी लागते. हा पडदा निसटलेला असल्यामुळे गाडी गॅरेजमध्ये ओढत नेल्याची उदाहरणे इतकी आहेत की मेकॅनिक मंडळी आधी त्यालाच हात लावतात.

फ्यूज पाहताना नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. जळालेली तार दिसते, पण पायाशी गंजलेला फ्यूज वरून अगदी शाबूत दिसतो. फ्यूज जागेवर असतानाच त्याच्या दोन्ही टोकांना दाब मोजला तर खरे काय ते कळते.

आवाजावरून निदान

यानंतर एक माणूस आत बसवून बटण दाबायला लावावे आणि आपण बाहेर, छताच्या कप्प्याजवळ कान द्यावा. काहीच आवाज येत नसेल तर विनंतीच नाकारली गेली आहे किंवा ती पोहोचलेलीच नाही. येथे सुरुवातीच्या अटी, फ्यूज आणि खुद्द बटण हे तीनच संशयित उरतात. रिलेचा, म्हणजे छोट्या प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह जोडणाऱ्या स्विचचा, 'टक्' असा आवाज येतो, पण मोटर गप्प राहते, तेव्हा मॉड्यूलने परवानगी दिलेली असते आणि अडथळा रिलेच्या पुढे, म्हणजे रिलेचे आतले काळवंडलेले संपर्क, वायर, अर्थिंग किंवा मोटर यांपैकी कोठेतरी असतो. गाडीत त्याच क्रमांकाचा दुसरा रिले एखाद्या कमी महत्त्वाच्या कामावर असेल, तर दोघांची अदलाबदल करून पाहणे ही दोन मिनिटांची परीक्षा आहे. मोटर घुमते, पण काहीच हलत नाही, तेव्हा वीज निर्दोष असते आणि दोष तेलाचा किंवा यांत्रिक जोडाचा असतो.

छत उघडते पण बंद होत नाही, किंवा याच्या उलट, ही तक्रार ऐकायला गूढ वाटते, पण निदानाला ती सोयीची असते. बहुतेक छतांत मोटर एकच असते आणि तिची दिशा बदलण्यासाठी दोन रिले वीजप्रवाह उलटसुलट करतात. म्हणजे एका दिशेला छत व्यवस्थित चालत असेल तर मोटर आणि तिच्या जाड वायरी निर्दोष ठरतात. मग उरतात दुसऱ्या दिशेचा रिले, बटणाचा दुसरा संपर्क आणि त्या दिशेलाच ज्यांचे मत विचारले जाते असे सेन्सर. अशा गाडीला कोणी नवी मोटर सुचवली तर त्याला एवढाच प्रश्न विचारावा की हीच मोटर उघडताना कशी चालते?

हे सारे करताना बटण सारखे दाबत राहू नये. या मोटरी थोडा वेळ चालण्यासाठी बनवलेल्या असतात. पाचसहा प्रयत्नांत त्या तापतात आणि बऱ्याच गाड्यांत उष्णतेपासून संरक्षण करणारी व्यवस्था त्यांना काही काळ बंद ठेवते. मग मूळ दोष बाजूला राहतो आणि आपण नव्याच दोषाच्या मागे लागतो. दोनतीन प्रयत्नांनंतर पंधरा-वीस मिनिटे थांबणे हितावह आहे.

अर्ध्यावर थांबणारे छत

ठरलेल्या एकाच जागी दर वेळी थांबणारे छत हे सर्वांत प्रामाणिक छत म्हणावे लागेल. ते जेथे थांबते, त्याच्या अलीकडची पायरी पूर्ण झाल्याचा निरोप आलेला नसतो. कुलूप सुटल्याचा आवाज आला आणि पुढे शांतता पसरली, तर कुलपाजवळचा स्विच पाहावा; झाकण पूर्ण उचलले गेले आणि सांगाडा हललाच नाही, तर झाकणाच्या बिजागरीजवळचा पाहावा.

मायक्रोस्विच तपासणे सोपे आहे. कनेक्टर काढून मल्टिमीटरने दोन टोकांमधला रोध मोजावा आणि स्विचची पाती बोटाने दाबावी: जोडला गेल्यावर आकडा शून्याच्या जवळ यायला हवा आणि सुटल्यावर मार्ग पूर्ण तुटलेला दिसायला हवा. मधलाच कोणतातरी डळमळता आकडा दिसला तर आतले संपर्क खराब झाले आहेत. मात्र स्विच निर्दोष निघाला म्हणून शोध थांबवू नये, कारण पुष्कळदा स्विच चांगला असतो आणि त्याला दाबणारा भाग एकदोन मिलिमीटर अलीकडेच थांबतो. नवे कापड बसवल्यावर ते ताठ असते आणि सांगाडा शेवटच्या बिंदूपर्यंत जात नाही. किंवा बसवण्याचा स्क्रू सैल होऊन स्विचच सरकलेला असतो. आणखी एक खबरदारी अशी की काही गाड्यांत पातीऐवजी चुंबकाने चालणारे हॉल सेन्सर असतात. त्यांचा रोध मोजून काही कळत नाही. त्यांना वीजपुरवठा जोडलेला ठेवून, चुंबक जवळ नेल्यावर सिग्नलच्या वायरवरचा दाब बदलतो का, तेच पाहावे लागते.

येथे योग्य स्कॅनर असेल तर काम फार हलके होते. बाजारातील साधा स्कॅनर बहुधा फक्त इंजिनाचे कोड, म्हणजे बिघाडाचे नोंदलेले संकेतांक, वाचतो. छताच्या मॉड्यूलशी बोलण्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांसाठी बनवलेले उपकरण किंवा सॉफ्टवेअर लागते. त्यातही नुसत्या कोडपेक्षा लाइव्ह डेटा, म्हणजे त्या क्षणीची प्रत्यक्ष माहिती, जास्त मोलाचा. पडद्यावर सर्व स्विचांची स्थिती दिसत असते, आणि हाताने कुलूप हलवले की त्याच्या नावापुढचा शब्द बदलायला हवा. जो बदलत नाही तो आरोपी, किंवा त्याची वायर. जुने कोड वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. बॅटरी एकदा पूर्ण उतरली की मॉड्यूल डझनभर खोटे कोड साठवून ठेवते. म्हणून सर्व कोड लिहून घ्यावेत, पुसावेत, छत एकदाच चालवावे आणि मग जो कोड परत येईल त्याच्याच मागे जावे.

वायरींचे म्हणायचे तर, जेथे वायरी वारंवार वाकतात तेथेच त्या तुटतात. डिकीच्या आणि झाकणाच्या बिजागरीपाशी वर्षानुवर्षे वाकून आतले तांबे तुटते, पण वरचे आवरण मात्र अखंड राहते. त्यामुळे दोष येतो आणि जातो. छत कधी चालते, कधी नाही. अशा वेळी त्या जागेचा वायरींचा जुडगा हलक्या हाताने हलवत लाइव्ह डेटाकडे किंवा मल्टिमीटरकडे नजर ठेवावी. वापरलेल्या गाडीत आधीच्या मालकाने केलेली कारागिरीही शोधावी लागते. एखाद्या हट्टी स्विचला कंटाळून त्याच्या दोन वायरी कायमच्या जोडून टाकलेल्या असतात, किंवा रिमोटवर छत उघडावे म्हणून बाहेरचे एखादे मॉड्यूल मध्ये घुसवलेले असते. असे मॉड्यूल सापडले तर आधी ते बाजूला काढून मूळ जोडणी पूर्ववत करावी आणि मगच पुढचे बोलावे.

तेलाचा दाब आणि केबलचा पीळ

बळ कसे पोहोचवले जाते यावरून छतांच्या दोन जाती पडतात. हायड्रॉलिक छतात विजेची मोटर पंप फिरवते, पंप तेलावर दाब आणतो आणि ते तेल सिलिंडरांतील दांडे बाहेर ढकलते किंवा आत ओढते. येथे पहिला प्रश्न तेलाच्या पातळीचा. पातळी कोणत्या स्थितीत पाहायची हे गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले असते, आणि त्यामागे कारण आहे. दांडे बाहेर आले की टाकीतले काही तेल सिलिंडरांत गेलेले असते, त्यामुळे पातळी खाली दिसते. ती पाहून तेल भरले, तर छत उलट दिशेला नेल्यावर तेच तेल परत येऊन टाकीबाहेर सांडते. तेल कोणते, हेही पुस्तिकेतूनच ठरवावे. काही गाड्यांना हिरवे कृत्रिम हायड्रॉलिक तेल लागते, काहींना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे लाल तेल, आणि चुकीचे तेल घातले तर रबरी सील फुगतात किंवा विरघळू लागतात.

तेल कमी झाले असेल तर ते कोठेतरी गेलेले असते. नुसते भरून गप्प बसणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणे. वर उल्लेखलेल्या आर१२९ गाडीत पुढच्या काचेच्या वर बसवलेल्या सिलिंडरांचे सील वयोमानाने चुरतात आणि तेल आरशावर किंवा थेट चालकाच्या डोक्यावर ठिबकते. बाकीचे सिलिंडर मात्र आतल्या अस्तरांत मुकाट्याने गळत राहतात. गळती शोधताना यंत्रणा दाबाखाली असेल तर बोट फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा, कारण बारीक छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदू शकते. कधी कधी बाहेर थेंबही दिसत नाही आणि तरीही छत अशक्त असते. अशा वेळी सिलिंडरच्या आतल्या दट्ट्याचे सील झिजलेले असते आणि तेल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला निसटत असते. अर्ध्यावर थांबवलेला सांगाडा आपोआप खाली बसू लागला तर ही शंका घ्यावी, पण घाई करू नये, कारण काही गाड्यांत ठरावीक मिनिटांनी दाब मुद्दाम सोडून देण्याची व्यवस्था असते. पंप घुमतो आणि काहीच उचलले जात नाही, तेव्हा पंपावरचा दाब सोडण्याचा स्क्रू कोणी उघडा ठेवला आहे का, ते आधी बघावे. आधीच्या मालकाने छत हाताने बंद केलेले असते आणि तो स्क्रू परत आवळायचा राहून गेलेला असतो.

दुसऱ्या जातीत तेल नसते. ९८६ बॉक्स्टरमध्ये मध्यभागी एक मोटर असते आणि तिच्यातून निघालेल्या दोन लवचीक केबल फिरत फिरत दोन्ही बाजूंच्या गिअरबॉक्सना गती देतात. हे छत सुमारे १२ सेकंदांत उघडते, पण त्याचा सारा डोलारा दोन्ही बाजू बरोबरीने चालण्यावर उभा आहे. एका बाजूच्या केबलचे टोक निसटले किंवा झाकणाला उचलणाऱ्या दांड्याचे प्लास्टिकचे गोल टोक तडकले, की एक बाजू पुढे जाते आणि दुसरी मागे राहते. छत किंवा झाकण तिरके चालताना दिसले तर त्याच क्षणी बटण सोडावे. हा एकच दोष असा आहे की ज्यात 'आणखी एकदा बघू' म्हणणे खरोखर महागात पडते, कारण मोटरला बळ भरपूर असते आणि सांगाडा पिळवटला तर तो सरळ करणे अवघड. दुरुस्तीनंतर दोन्ही गिअरबॉक्स एकाच स्थितीतून सुरू होतील अशी जुळवणी करावी लागते. ती न करता नुसती केबल बदलली तर छत पुन्हा तिरकेच चालेल.

बिघाडाच्या मागचे पाणी

पंप खरोखर जळालेला निघाला तरी 'का जळाला' हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर बरेचदा पाणी हे असते. कापडी छत संपूर्ण जलरोधक नसते. त्याच्या कडांनी आत येणारे पाणी गोळा होऊन नळ्यांवाटे गाडीखाली जावे अशीच रचना असते. पानांच्या चुऱ्याने आणि धुळीने या नळ्या तुंबल्या की पाणी कप्प्यात साठते. २००३ ते २००८ या काळातील बीएमडब्ल्यू झेड४ ही याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तिच्या छताचा पंप कप्प्याच्या एका बाजूला तळाशी बसवलेला असल्यामुळे नळी तुंबताच तो पाण्यात बुडतो आणि मोटर गंजून जाम होते. बॉक्स्टरमध्ये हेच पाणी सीटखालच्या अलार्मच्या मॉड्यूलपर्यंत पोहोचते. नवा पंप बसवून नळी तशीच तुंबलेली ठेवली तर पुढच्या पावसाळ्यात तीच कथा पुन्हा घडते. नळ्या साफ करताना टोकदार तार खुपसू नये, आतली नळी जोडातून निसटते. मऊ प्लास्टिकची दोरी किंवा हलकी हवा पुरते.

आता, पाऊस आलाच आणि छत उघडेच राहिले, तर ते हाताने बंद करण्याची पद्धत जवळजवळ प्रत्येक गाडीत असते आणि त्यासाठी लागणारा पाना बहुधा डिकीतल्या अवजारांबरोबर दिलेला असतो. ती पद्धत संकट येण्याआधी घरी एकदा वाचून ठेवावी. चावी काढून घ्यावी, म्हणजे मध्येच मोटर चालू होण्याचा धोका राहत नाही. हायड्रॉलिक गाडीत दाब सोडण्यापूर्वी सांगाड्याला लाकडी टेकू द्यावा, कारण दाब गेला की छत आपल्या वजनाने कोसळते आणि बोटे मध्ये असतील तर ती सोडत नाही. उचलताना दोन्ही बाजूंना एकेक माणूस हवा. अर्धवट उघड्या छताने गाडी चालवणे तर मुळीच नको. त्यात वारा भरला की त्याचे शीड होते.

दुरुस्ती झाल्यावर एक शेवटचे काम राहते, जे सर्रास विसरले जाते. बॅटरी काढली असेल तर कित्येक गाड्यांत काचांना आपली वरची आणि खालची मर्यादा आठवत नाही. ती पुन्हा शिकवल्याशिवाय काचा थोड्या खाली येण्याची पहिली पायरीच होत नाही आणि नुकतेच नीट केलेले छत पुन्हा गप्प बसते. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरणे, ही त्याची नेहमीची रीत आहे. मग इंजिन सुरू ठेवून छत तीन वेळा उघडावे आणि मिटावे, हायड्रॉलिक असेल तर तेवढ्यात आत शिरलेली हवाही टाकीत परत येते, पातळी पुन्हा पाहावी, आणि शेवटी कप्प्यातल्या नळीच्या तोंडाशी पेलाभर पाणी ओतून ते गाडीखाली, मागच्या चाकाजवळ, लगेच पडते का ते वाकून बघावे.